सुईपेक्षा खाड्याची भीती

आमच्या उस्मानपुऱ्यात दुपारी दोन ते चार ही बायकांची हक्काची वेळ. जेवणं उरकलेली असतात, मुलं शाळेतून यायची असतात, आणि नळाला पाणी यायचा दिवस नसला तर जिवाला थोडी स्वस्थता असते. गेल्या आठवड्यात अशाच वेळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी मेथीची जुडी निवडायला घेऊन वर आल्या. चेहरा उतरलेला. त्या एका कचेरीत हंगामी कामाला आहेत. साहेबांनी म्हणे तोंडी सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत तपासणी करून आणि फ्ल्यूची लस टोचून दाखला आणा. नाही आणला तर हजेरी लागणार नाही."

"असं करता येतं का हो?" वहिनींनी विचारलं. "लस घ्यायला माझी ना नाही. पण मागे एका इंजेक्शननं माझ्या अंगभर गांधी उठल्या होत्या. डॉक्टरांना विचारून मगच घेईन म्हणते. तेवढा तरी वेळ द्यायला नको?"

आता मी काही वकील नाही. बी. ए. झालेली, संसार सांभाळून तासिकेवर शिकवणारी बाई. पण हा प्रश्न २०२१ साली माझ्याच अंगावर आला होता आणि तेव्हा मी त्याच्या पुष्कळ मागे लागले होते. म्हणून वहिनींना म्हटलं, "थांबा, चहा टाकते आणि फाईल काढते." कपाटातली ती फाईल काढली आणि कागदांबरोबर एक जुनी बोचही वर आली. आज दोन्ही तुमच्यापुढे ठेवते.

तो काळ आठवा. २०२१ च्या जूनमध्ये मला करोना होऊन गेला. बरं झाल्यावर तीन महिने लस घेऊ नये, असं त्या मे महिन्यातच केंद्र सरकारनं सांगितलं होतं. त्याप्रमाणे मी थांबले आणि २० सप्टेंबरला पहिली मात्रा घेतली. कोविशिल्डच्या दोन मात्रांत बारा ते सोळा आठवड्यांचं अंतर ठेवायचं, हाही नियम सरकारचाच. म्हणजे ८४ दिवस मोजले तर माझी दुसरी मात्रा १३ डिसेंबरच्या आधी शक्यच नव्हती. ४ ऑक्टोबरला शहरातल्या आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या आणि मी आनंदानं वर्गावर गेले. नोव्हेंबरात मानधनाचा दिवस आला, तेव्हा संस्थेच्या कार्यालयातून सांगण्यात आलं, "बाई, दोन्ही मात्रांचा दाखला आणा, मग मानधन."

मी बोटांवर दिवस मोजून दाखवले. म्हटलं, सरकारच दुसरी मात्रा डिसेंबरात देणार, मी आज कुठून आणू? उत्तर आलं, "आम्हाला वरून तसं सांगितलंय." वरून म्हणजे कोणी? कागद दाखवा म्हटलं, तर कागद नव्हता. दोन महिन्यांचं मानधन अडकलं. किराण्याच्या वहीत उधारी चढली. घरात दुसरी मिळकत होती म्हणून निभावलं. ज्यांच्या घरात ती नव्हती त्यांचं काय झालं असेल, ते तुम्हीच जाणा.

ही झाली माझी तक्रार. पण बोच वेगळीच आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

त्याच ऑक्टोबरात मी आमच्या पोळ्यावाल्या मावशींना दारातच सांगितलं होतं, "मावशी, लस घेतल्याशिवाय येऊ नका. घरात सासूबाई आहेत." सासूबाईंची काळजी खोटी नव्हती. पण मी मावशींना एवढंसुद्धा विचारलं नाही, की अजून का घेतली नाही? चोवीस दिवस त्या आल्या नाहीत आणि महिनाअखेर मी हिशेबानं चोवीस दिवसांचे पैसे कापले. वहीत लिहूनही ठेवलं, अगदी नेटकेपणानं.

माझं मानधन अडकलं, त्या दिवशी संध्याकाळी मी ती वही उघडली. आणि मैत्रिणींनो, माझ्या कार्यालयात आणि माझ्या स्वयंपाकघरात मला काही फरक दिसेना! दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी गेले. त्यांनी खाली सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी विचारलं, "मावशी, सुईची भीती वाटते का?" त्या हसल्या. "ताई, सुईला नाही भेत म्या. दुसऱ्या दिवशीच्या खाड्याला भेते. ताप आला तर पाच घरचे खाडे. आन् पाचातली दोन घरं तर दुसरी बाईच लावतेत."

म्हणजे अडचण होती ती दोन दिवसांच्या पगारी सुट्टीची! तेवढी मला देता आली असती. मी दिली असती, तर चोवीस दिवस आधीच लस झाली असती आणि सासूबाईंनाही धोका राहिला नसता.

हे माझ्या घरातलं. गावात काय चाललं होतं, तेही आठवतं ना? आपलं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिल्ह्यात लस घेण्याजोग्या लोकांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनीच ती घेतली होती. राज्याचा आकडा ७४ टक्के होता. ३६ जिल्ह्यांत आपला नंबर २६ वा. तेव्हाचे जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला, की ज्यांनी किमान एक मात्रा घेतली नाही त्यांना रेशन दुकान, गॅस एजन्सी आणि पेट्रोल पंपावर माल मिळणार नाही. त्याच सुमारास तिकडे ठाणे महापालिकेनं पहिली मात्राही न घेतलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखायचं ठरवलं. मुंबईत तर ऑगस्टपासून दोन्ही मात्रा होऊन १४ दिवस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. आणि मुंबईत लोकल नाही म्हणजे कित्येकांना नोकरीच नाही.

या आदेशांमागचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत घाटीच्या आवारात ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना तो हेतू समजावून सांगायची गरज नाही. पण चांगल्या हेतूनं काढलेला हुकूमसुद्धा हुकूमच. तो कोणत्या कायद्यानं काढला आणि किती ताणला, हे विचारायला कोणीतरी लागतं. ते काम कोर्टांनी केलं.

पहिल्यांदा विचारलं ते मेघालयातल्या उच्च न्यायालयानं. तिथल्या काही जिल्ह्यांत दुकानदार, फेरीवाले आणि टॅक्सीवाले यांना लस घेतल्याशिवाय धंदा सुरू करता येणार नाही, असे आदेश निघाले होते. २३ जून २०२१ ला न्यायालय म्हणालं, की लस ही काळाची गरज आहे; पण धाक दाखवून, पोट अडवून ती टोचली तर कल्याणाचा मूळ हेतूच बिघडतो. मग तोडगा काय? दुकानदारानं आपली लस झाली आहे अशी पाटी ठळक लावावी, गिऱ्हाइकानं ती पाहून ठरवावं, आणि सरकारनं लोकांना समजावून सांगावं. पुढच्याच महिन्यात गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या इटानगर खंडपीठानं अरुणाचलातली अशीच एक अट थांबवली. तिथे विकासकामांवर जाण्याचे तात्पुरते परवाने फक्त लस घेतलेल्यांना मिळत होते. न्यायालयानं साधा प्रश्न विचारला: लस घेतलेल्यालाही करोना होऊ शकतो आणि त्याच्याकडून तो पसरूही शकतो, मग एकाला काम आणि दुसऱ्याला नाही, हा भेद कशाच्या जोरावर?

आपल्या मुंबई उच्च न्यायालयात लोकलचा प्रश्न आला. तिथे तर वेगळीच गोष्ट बाहेर पडली. न्यायालयानं लशीचा वाद बाजूला ठेवला आणि विचारलं, हे आदेश निघाले कसे? आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे असा निर्णय राज्य कार्यकारी समितीनं ठरलेल्या रीतीनं घ्यायचा. तो मुख्य सचिवांनी एकट्यानं घेतला, असं न्यायालयाला दिसलं. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्यापुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारला ते आदेश मागे घ्यायची तयारी दाखवावी लागली. १ मार्चला नवे आदेश निघाले, त्यातही दोन मात्रांची अट राहिलीच, आणि त्यावर न्यायालयानं नाराजी बोलून दाखवली. शेवटी साथ ओसरली आणि २ एप्रिल २०२२ ला, ऐन गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले.

यानंतर आला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तारीख २ मे २०२२. बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियल यांनी केंद्र सरकारविरुद्ध केलेला हा दावा. ते लसीकरणावर सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय गटाचे माजी सदस्य. निकाल देणारे न्यायमूर्ती होते एल. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे भूषण गवई, जे पुढे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. हा निकाल मी नीट वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे त्यातली मुख्य गोष्ट सोप्या भाषेत सांगते.

आपलं शरीर आपलं आहे. राज्यघटनेच्या २१ व्या कलमानं जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा जो हक्क दिला आहे, त्यात हेही येतं. म्हणून कोणाही माणसाला बळजबरीनं लस टोचता येणार नाही. ही झाली एक बाजू. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली आहे. माझ्या वागण्यानं दुसऱ्याला रोग होण्याचा धोका असेल, तर सरकार माझ्यावर काही बंधनं घालू शकतं. पण ती बंधनं मोजून घ्यावी लागतील. त्यासाठी न्यायालयानं २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातलं माप घेतलं. त्या निकालात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. मापाच्या तीन खुणा अशा: बंधनाला कायद्याचा आधार हवा, त्यामागे खरीखुरी सार्वजनिक गरज हवी, आणि गरजेच्या मानानं ते जास्तीचं नको.

हे माप लावल्यावर न्यायालयानं राज्यांना विचारलं, लस न घेतलेल्याकडून रोग जास्त पसरतो याचा पुरावा आहे का? राज्यांनी तसा पुरावा पुढे ठेवला नाही. तेव्हा रुग्णसंख्या कमी आहे तोवर, लस न घेतलेल्यांना सार्वजनिक जागा, सेवा आणि साधनं यांपासून दूर ठेवणारे आदेश प्रमाणाबाहेरचे आहेत आणि त्यांचा फेरविचार करावा, असं न्यायालयानं सुचवलं. ही सूचना सरकारी अधिकाऱ्यांपुरती नव्हती. खाजगी संस्था आणि शिक्षणसंस्थांचंही नाव त्यात आहे. हे वाचलं, तेव्हा मी ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित केली.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. लशीचा त्रास झाला तर तो सामान्य माणसाला आणि खाजगी डॉक्टरलाही नोंदवता यावा, त्या नोंदी लोकांना पाहता याव्यात, पण नोंदवणाऱ्याचं नाव उघड होऊ नये, अशी सोय करायलाही न्यायालयानं सांगितलं.

आता तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, "बघा, आम्ही म्हणतच होतो, लस नको!" तर बायांनो, थांबा. या निकालात तसं कुठेही नाही. सरकारचं लसीकरणाचं धोरण न्यायालयानं योग्यच ठरवलं. मुलांना लस देण्याचा निर्णयही उचलून धरला. लस घ्यावी की नाही याचा निवाडा डॉक्टरांनी आणि शास्त्रानं करायचा. न घेणाऱ्याचं पोट अडवता येईल का, याचा निवाडा कोर्टानं केला. हे दोन प्रश्न एकाच टोपलीत टाकू नका. मी स्वतः दोन्ही मात्रा घेतल्या आणि घरातल्या सगळ्यांना दिल्या.

आपल्या आज्यांच्या दंडावरचे ते वण आठवतात? देवी काढल्याचे. माझ्या आजीच्या दंडावर दोन होते, आणि तिच्या धाकट्या भावाला देवी आल्या त्यात तो गेला, हे सांगताना ती अजूनही डोळ्याला पदर लावायची. १९७५ च्या मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. पोलिओचे ते दोन थेंब घराघरांत पोचले ते आरोग्यसेविका आणि आशाताईंच्या पायपिटीनं. एखाद्या दारात नकार मिळाला तर त्या पुन्हा जायच्या, पुन्हा समजवायच्या. २०२१ च्या नोव्हेंबरातल्या 'हर घर दस्तक' मोहिमेतही त्याच दारोदार फिरल्या.

आणि धाकानं काय होतं, तेही आपल्या महाराष्ट्रानं फार पूर्वी पाहिलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन साहेबांनी भायखळ्याला स्वतःच्या अंगावर प्लेगची लस टोचून घेतली आणि मग ती लोकांपुढे ठेवली. हा झाला विश्वासाचा मार्ग. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरं आणि माजघरं धुंडाळली, बायकांच्या अंगाला हात लावून तपासण्या केल्या. लोक आजारी माणसं लपवू लागले, गाव सोडून पळू लागले. २२ जूनला रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. त्याच साथीत आपल्या सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. साथ एकच, साल एकच. लोकांनी सोजिरापासून माणसं लपवली आणि सावित्रीबाईंच्या हाती ती सोपवली.

बाहेरच्या देशांतही हाच वाद झाला, बरं का. अमेरिकेत सरकारनं १०० आणि त्याहून जास्त नोकर असलेल्या सगळ्या मालकांना हुकूम काढला: नोकरांनी लस घ्यावी, नाहीतर दर आठवड्याला तपासणी करून मास्क लावून काम करावं. सुमारे आठ कोटी चाळीस लाख कामगारांचा प्रश्न होता. १३ जानेवारी २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी हा नियम रोखला. म्हणणं असं, की कारखान्यातली यंत्रं आणि धूर यांच्या धोक्यापासून कामगाराला वाचवायचा अधिकार या खात्याला कायद्यानं दिला आहे. करोना तर घरात, शाळेत, खेळाच्या मैदानात, सगळीकडेच आहे. एवढा मोठा अधिकार संसदेनं खात्याला दिलेला नाही. गंमत म्हणजे त्याच दिवशी त्याच न्यायालयानं दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी असलेली लशीची सक्ती मात्र पाच विरुद्ध चार मतांनी चालू ठेवली. कारण उघड आहे. आजाऱ्याच्या उशाशी उभी राहणारी परिचारिका आणि एकटीच खोलीत बसून हिशेब लिहिणारी बाई, यांचा धोका सारखा नाही.

त्याच देशात १९०२ साली देवीच्या साथीत एका धर्मोपदेशकानं लस नाकारली होती. त्याला पाच डॉलर दंड झाला आणि १९०५ मध्ये न्यायालयानं तो कायम केला. तिथे विधिमंडळानं केलेला कायदा होता, गावात साथ होती, आणि शिक्षा होती ती एका ठरावीक दंडाची. कोणाचा शिधा किंवा नोकरी त्यात गेली नव्हती.

हे सगळं वहिनींना सांगेपर्यंत चहा दोनदा झाला आणि मेथीही निवडून झाली. त्या म्हणाल्या, "सगळं पटलं हो, पण उद्या साहेबांसमोर मी काय बोलू?" आपल्यापैकी कितीजणींचा हाच प्रश्न असेल! म्हणून वहिनींना जे सांगितलं तेच इथे क्रमानं देते. कात्री लावून ठेवा.

१. भांडू नका, आधी विचारा. "साहेब, आदेश लेखी मिळेल का? कोणी काढला आणि कोणत्या कायद्याखाली, ते कळेल का?" आवाज शांत ठेवा. तोंडी हुकूम पुष्कळदा या एका प्रश्नावरच मऊ होतो.

२. गरज काय आहे ते पाहा. तुम्ही दवाखान्यात, पाळणाघरात किंवा लोकांच्या जेवणाच्या कामात असाल, तर तपासणी आणि लस मागायला सबळ कारण असू शकतं. तिथे आडमुठेपणा करू नका. कागदांच्या गठ्ठ्यात बसणारीला तीच अट का, हे मात्र विचारता येतं.

३. सौम्य मार्ग आहे का ते सुचवा. मास्क, वेगळी बसायची जागा, थोडी मुदत, आठ दिवसांची रजा. अर्जात नुसतं "जमणार नाही" असं लिहू नका. "असं केलं तर चालेल का" असं लिहा.

४. प्रकृतीची अडचण असेल तर ती डॉक्टरांच्या कागदावर हवी. पूर्वी आलेली गांध, दमा, गरोदरपण, अंगावर पाजणं, जे असेल ते डॉक्टरांना सांगा. ते "घ्या" म्हणाले तर घ्या. पुष्कळदा तेच म्हणतील.

५. जे लिहाल त्याची दुसरी प्रत काढा आणि तिच्यावर आवक शिक्का व तारीख घेऊन पोच ठेवा. माझी चूक हीच झाली. मी तीन वेळा तोंडी बोलले. चौथ्यांदा लेखी अर्ज देऊन पोच मागितली, तेव्हा कुठे हालचाल झाली.

६. सरकारी कार्यालय असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर त्या आदेशाची प्रत मागता येते. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

७. पगार अडलाच, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याचा पगार किती, हे तिथे कोणी विचारायचं नाही! ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असते.

आणि घरच्या घरी करायची एक गोष्ट. प्रत्येकाच्या नावाची एक पाकिटफाईल करा. मुलांचं लसीचं कार्ड, मोठ्यांचे दाखले, कोणत्या औषधानं कोणाला काय त्रास झाला त्याची चिठ्ठी, सगळं त्यात. वहिनींना ते इंजेक्शन कोणतं होतं हे आठवेना. तेवढी चिठ्ठी असती तर अर्धी चिंता मिटली असती.

आता राहिली आपली स्वतःची बाजू. आपण सगळ्याजणी कोणाच्या तरी हाताखाली असतो, तशा कोणाच्या तरी मालकिणीही असतो. राज्यघटनेचं २१ वं कलम सरकारला बांधतं. माझ्या स्वयंपाकघरात येऊन ते मावशींच्या बाजूनं उभं राहणार नाही. तिथे न्यायमूर्ती मीच. म्हणून घरात कोणाला अट घालण्याआधी मी आता तेच माप लावते. खरी गरज आहे का? दुसरा मार्ग आहे का? आणि या अटीचा भार कोणाच्या खिशातून जाणार आहे? सासूबाईंच्या प्रकृतीसाठी मावशींनी लस घ्यायची, तर खाड्याचे पैसे माझ्या पर्समधून जायला हवेत, एवढं साधं गणित.

त्या नोव्हेंबरात मी मावशींबरोबर लसीकरणाच्या केंद्रावर गेले. रांगेत आम्ही दोघी दीड तास उभ्या होतो. नोंदणी माझ्या मोबाईलवर केली. त्यांना एक दिवस ताप आला. दोन दिवस मी पोळ्या लाटल्या, आणि त्या कशा झाल्या ते आमच्या घरी विचारू नका! उरलेल्या चार घरच्या बायकांशीही मी बोलले. तिघींनी खाडा कापला नाही. चौथीनं कापला. त्या चोवीस दिवसांचे पैसे मावशींच्या हातावर ठेवले, तेव्हा त्यांनी ते मोजले, पदराला गाठ मारली आणि म्हणाल्या, "ताई, आधी इचारलं असतं तर?"

एवढंच म्हणाल्या. माझं मानधन जानेवारीत मिळालं, पूर्ण मिळालं, आणि तक्रार संपली. मावशींचा प्रश्न मात्र त्या फाईलमध्ये अजून तसाच आहे.

वहिनींचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. त्यांनी अर्ज दिला, पोच घेतली. साहेब म्हणाले, "अहो, एवढं लिहायची काय गरज होती? घ्या महिनाभराची मुदत." डॉक्टरांनी त्यांचा जुना त्रास विचारून घेतला आणि लस घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. येत्या सोमवारी त्या जाणार आहेत, स्वतःच्या मर्जीनं. मी सोबत जाणार आहे.

तुमच्या नोकरीत किंवा तुमच्या घरात असा प्रसंग आला होता का? तुम्ही काय केलंत? आणि तुमच्या हाताखाली कोणी होतं, तेव्हा काय केलंत? दोन्ही लिहून कळवा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं पहिल्यापेक्षा कमी येतील, हे मला ठाऊक आहे. तरीही वाट पाहते.